‘पेपरात आलंय ना, काकू!’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कुंडीतल्या ‘हर्ब्ज’ हिवाळ्यासाठी कशा साठवाव्यात, यावर पानभर लेख आला होता. फोटो देखणे होते. पांढऱ्याशुभ्र खिडकीत काचेच्या बरण्या, बरण्यांत सोनेरी तेल, तेलात हिरवीगार पानं. त्या फोटोनेच घोटाळा केला, म्हणून हे पत्र. एरवी मी पत्रं लिहिणाऱ्यांतली नाही. आमच्या घरात ते खातं ह्यांच्याकडे आहे. खड्डे, कर्कश हॉर्न आणि पाणीकपात या विषयांवरची ह्यांची पत्रं आपण पूर्वी छापलेली आहेत.

झालं असं की, आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी परवा संध्याकाळी एक बरणी घेऊन आली. मुलगी म्हणायचं एवढंच, चांगली पस्तिशीची आहे, आयटीत आहे, आणि बाल्कनीत हौसेने कुंड्या लावते. बरणीत बेझिलची पानं, सोललेल्या लसणाच्या दहाबारा पाकळ्या, दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि वर गळ्यापर्यंत ऑलिव्ह ऑइल. “बघा काकू, काय स्वाद उतरलाय!” मी बरणी ट्यूबलाइटखाली धरली. लसणाच्या पाकळ्यांच्या कडेने बारीक बुडबुडे चिकटले होते, साबुदाण्याहून लहान. किती दिवसांची, विचारलं. अकरा. फ्रीजमध्ये होती का? नाही, ओट्यावर, गॅसशेजारी, लेखात लिहिल्याप्रमाणे. मी म्हटलं, टाकून दे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पण पेपरात आलंय ना, काकू!”

यावर मी काय बोलणार? एकतीस वर्षं एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. पानं वाळवणं, दाबणं, टिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण छापील अक्षरापुढे निवृत्त काकूचं काय चालणार! म्हणून म्हटलं, जिथे छापून आलं तिथेच छापून यावं.

त्या बरणीत अडचण नेमकी काय, ते आधी सांगते. लसूण मातीत वाढतो, पानांवर मातीचे कण उडालेले असतात. मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम’ नावाच्या जंतूचे बीजाणू सगळीकडे असतात. एरवी ते आपल्याला काही करत नाहीत, कारण हवेत ते वाढत नाहीत. पण ओलं पान किंवा ओला लसूण तेलात बुडवला की हवा तुटते. तेल आंबट नसतं, लसूणही आंबट नसतो, ओट्यावर ऊब असते. म्हणजे जंतूला हवं ते सगळं आपण स्वतःच्या हाताने मांडून दिलेलं असतं. मग तो जे विष तयार करतो ते नसांवर जातं. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलताना जीभ अडखळते, पुढे श्वास घेणारे स्नायूही ढिले पडतात. आणि बरणीचा वास, रंग, चव यांत काही फरक पडेलच असं नाही. तिच्या बरणीत बुडबुडे होते म्हणून मला निदान बोलायला निमित्त मिळालं. ते नसते तरी मी हेच सांगितलं असतं.

“पानं आधी उकळत्या पाण्यातून काढली होती,” असंही ती म्हणाली. नुसत्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. ते आपल्या पातेल्यात होत नाही.

आता आपल्या वाचकांतल्या निम्म्या जणी म्हणतील, आमच्या आजीच्या लोणच्यावर तर चार बोटं तेल असायचं, कुणाला काही झालं नाही. बरोबर आहे. कारण कैरी आंबट, लिंबू आंबट, आणि मीठ इतकं की आज कुणी घालायला धजत नाही. आंबटपणा आणि मीठ जंतूला अडवतात, तेल फक्त वरून बुरशी येऊ देत नाही. आपल्या सुक्या लसूण-खोबऱ्याच्या चटणीत पाण्याचा अंशच नसतो, म्हणून तीही टिकते. यातली आंबट, खारट आणि कोरडी ही तिन्ही कारणं काढून टाकली आणि नुसतं तेल ठेवलं, की उरते ती पुरवणीतली बरणी. तशी बरणी करायचीच असेल तर फ्रीजमध्ये ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी, नाहीतर थेट बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये टाकावी. गोठलेल्या तेलात हा जंतू काही करू शकत नाही.

लेखाचा मूळ मजकूर थंड देशातला असावा, असा माझा अंदाज आहे. माझी भाची टोरांटोला असते, तिच्याकडे हे सगळं अगदी खरं आहे. तिच्या अंगणातलं बेझिल ऑक्टोबरमधल्या पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीत एका झटक्यात काळं पडतं. त्याला नुसता गारवाही सोसत नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं तरी डाग पडतात. म्हणून थंडी पडायच्या आत ती सगळं झाड कापते, पानं तेलाबरोबर मिक्सरमधून काढते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. मग एप्रिलपर्यंत रोज एक हिरवा चौकोन. व्हिडिओ पाठवते, “मावशी, बघ माझं वाळवण.” रोझमेरी आणि थाइम मात्र ती सुकवते, कारण ती पानं मुळातच काटक, तेल धरून ठेवणारी. तिच्याकडे हिवाळ्यासाठी साठवायचं, कारण हिवाळ्यात काही उगवतच नाही.

पण पुण्यात? पुण्याची आजवरची सर्वांत कडक थंडी म्हणजे १७ जानेवारी १९३५ ची, १.७ अंश. त्या दिवशीही पारा शून्याखाली उतरला नव्हता. इथे थंडी म्हणजे पाल्याची चंगळ. आपल्याच पेपरात बाजारभावाच्या रकान्यात मार्केट यार्डातल्या कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांची आवक लाखांत छापून येते ती याच दिवसांत. मंडईत संध्याकाळी उशिरा गेलं तर दहाला दोन गड्ड्या, वर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट. घरच्या कुंडीतही तेच. धने हलक्या हाताने रगडून दोन फाका करून ऑक्टोबरात पेरले की डिसेंबरभर कात्री चालते. तेच मार्चमध्ये पेरलं तर ऊन लागताच दांडा वर धावतो आणि पानांऐवजी फुलं हातात येतात. मी जुलैत एका गड्डीला चाळीस रुपये मोजलेत, आणि घरी येऊन सोडली तर आत निम्मी काळी.

म्हणजे आपल्याकडे गणित उलटं आहे. कोथिंबीर, मेथी, शेपू थंडीत साठवायचे आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात वापरायचे. जानेवारीत पुणेकराला कोथिंबीर साठवून ठेवायला सांगणं ठीक, पण ती जानेवारीतच वापरायला सांगणं म्हणजे पावसात टँकर मागवण्यासारखं आहे.

खुद्द हिवाळ्यासाठी म्हणून राखून ठेवावं असं माझ्या अकरा कुंड्यांत फार थोडं आहे. पहिला मान गवती चहाचा. पंधरा किलोच्या तेलाच्या जुन्या डब्यात लावलेला आहे, तळाला खिळ्याने भोकं पाडून. पावसाळ्यात तो असा माजतो की शेजारच्या तुळशीला ऊन मिळत नाही, आणि नेमकी थंडी पडून आल्याच्या चहाची तल्लफ येते तेव्हा रुसून बसतो. पात्यांची टोकं तांबूस होतात, नवी पात फुटत नाही. म्हणून दिवाळीच्या आसपास, पाऊस गेला आणि थंडी आली नाही अशा मधल्या दिवसांत मी तो कापते. सकाळी, दव उडाल्यावर. बुडाशी चार बोटं ठेवून, कात्रीने. हातमोजे नाहीत तर निदान बाह्या तरी खाली घ्याव्यात. त्या पातीची कड ब्लेडसारखी असते, कापल्याचं तेव्हा कळत नाही, नंतर भांडी घासताना झोंबतं.

पाती धुऊन, पुसून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि मागच्या खोलीत जुन्या धोतरावर पातळ पसरायचे. पंखा एकवर. पहिल्या दिवशी सगळ्या खोलीला लिंबाचा वास येतो, आमचे हे म्हणतात फिनेल सांडलं की काय. तो वास ‘सिट्रल’ नावाच्या द्रव्याचा, तेच आपल्याला चहात हवं असतं. म्हणजे खोलीला जितका वास, तितका चहातून गेला. म्हणूनच ऊन दाखवायचं नाही. उन्हात पान दोन दिवसांत वाळतं, पण तेल उडून जातं आणि उरतं ते गवत. सावलीत चार-पाच दिवस लागतात. झालं की नाही ते मी कानाने ओळखते. तुकडा कानाजवळ धरून मोडायचा. ‘टक्’ असा आवाज आला तर बरणीत, नुसता वाकला तर आणखी एक दिवस धोतरावर. यंदा अर्धा किलोचे १२० ग्रॅम भरले. वाळल्यावर चुरा करायचा नाही, तुकडे तसेच ठेवायचे आणि चहात टाकताना बोटांनी चुरडायचे. बरणी गॅसजवळच्या फळीवर नको, अंधाऱ्या कपाटात हवी. आपल्या लेखात उन्हं येणाऱ्या खिडकीत ओळीने बरण्या मांडल्या होत्या. फोटोला छान, पानाला वाईट.

सावलीची अक्कल मला कॉलेजात आली असेल असं वाटेल, पण घरी ती आली सोसायटीमुळे. वरती सोलरची पॅनेल बसली तेव्हापासून आमच्या गच्चीला कुलूप आहे आणि किल्लीसाठी अर्ज करावा लागतो. त्याआधी मी सगळं गच्चीवर, मेच्या वाळवणाच्या हिशोबाने कडक उन्हात टाकायचे. कुरडया आणि सांडगी मिरची यांना ऊनच हवं, पण कढीपत्ता एका दुपारीत चहाच्या चोथ्यासारखा झाला होता, रंगाने आणि चवीनेही. किल्ली मिळेना म्हणून मागच्या खोलीत पसरला, तर हिरवाच राहिला. तरी अर्ज मी दर एप्रिलमध्ये करते, कुरडयांसाठी.

आता वर्तमानपत्रावर पसरण्याबद्दल. लेखात तसं लिहिलंय आणि आपलाच पेपर असल्यामुळे आपल्याला ते रुचलंही असेल. आमच्या विभागात नमुने आम्ही वर्तमानपत्रातच दाबायचो. पहिले चार दिवस रोज कागद बदलायचा, नाहीतर पान काळं पडतं किंवा बुरशी धरतं. नीट वाळवलेलं पान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या इथल्या, पुण्याच्या संग्रहात शंभर वर्षांहून जुने नमुने आहेत. पण ते नमुने कुणी आमटीत घालत नाही. किडीपासून राखायला आम्ही त्यांना मर्क्युरिक क्लोराइड फासायचो, ते जहाल विष आहे. खायच्या पानांना छपाईची शाई लागू नये, एवढंच माझं म्हणणं. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये काढलेली आहे. वडापाववाले ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी, निदान पुरवणीने तरी ऐकावं. सुती धोतर, जुनी साडी, पंचा, काहीही चालेल.

कढीपत्त्यालाही इथली थंडी बाधते. आमच्या आवारातलं झाड डिसेंबरात पिवळं पडून निम्मं गळतं आणि फेब्रुवारीअखेर पोपटी फुटतं. दोन महिन्यांसाठी मी तो वाळवत बसत नाही. धुऊन, पूर्ण कोरडा करून, काडीसकट डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवते. फोडणीत गोठलेलाच टाकायचा, तडतडाट थोडा जास्त होतो, मागे सरून उभं राहावं. हळदीची पानंही तशीच. माझं माहेर कोकणातलं, पातोळ्यांशिवाय श्रावण जात नाही. पण पातोळ्या थंडीतही खाव्याशा वाटतात आणि तेव्हा कुंडीतली हळद पिवळी होऊन आडवी झालेली असते. म्हणून ऑक्टोबरातली रुंद पानं पुसून, गुंडाळी करून गोठवते. बाहेर काढली की मऊ पडतात, दुमडायला उलट सोपी.

तुळस मात्र वाळवते, काढ्यासाठी. कुठलंही सुवासिक झाड फुलावर यायच्या आधी कापावं, पानात तेल तेव्हा भरपूर असतं. तुळस तर कार्तिकात मंजिऱ्यांनी लगडलेली असते, म्हणून मी तिची छाटणी भाद्रपदातच उरकते. द्वादशीला आणि रविवारी तुळस तोडायची नाही हा सासूबाईंचा दंडक होता. रविवारचा मी सोडला, कारण नोकरीत असताना मोकळा वार तोच.

राहिली कोथिंबीर. ती वाळवू नका हो. तिचा वास इतका उडता असतो की सावलीत वाळवली तरी महिन्याभरात डब्यात हिरवा भुसा उरतो. मी ती बारीक चिरून, बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून, वर थोडं पाणी घालून गोठवते. जुलैत आमटीत एक चौकोन टाकला की काम भागतं. भेळेवर भुरभुरायला ती नाही चालणार, त्याला ताजीच हवी, चाळीस रुपये मोजून. पुदिना वाळवलेला बरा राहतो, ताकात चालतो. शेपू गोठवावा. पानओव्याचं पान वाळवायच्या फंदात पडूच नये, ते इतकं रसाळ असतं की वाळायच्या आधी कुजतं. त्याची भजी करून मोकळं व्हावं.

मेथीबद्दल एक राहिलं. लेखात ‘घरची मेथी वाळवा, कसुरी मेथी तयार’ असं आहे. वाळवलेली मेथी चांगलीच लागते, वाळल्यावर तिचा वास वाढतो, पण ती कसुरी नव्हे. कसुरी ही वेगळी जात आहे, पान बारीक, नाव पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या कसूर गावावरून आलेलं. मंडईतली गड्डी कितीही वाळवली तरी तिचं गाव बदलत नाही. ही चूक किरकोळ आहे, त्यावर आपण काही छापलं नाही तरी माझी तक्रार नाही.

तेलाच्या बरणीची दुरुस्ती मात्र छापावी. आतल्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात नको. त्याच पुरवणीत, त्याच पानावर, आणि जमल्यास बरणीच्या फोटोसकट, वर फुली मारून. समोरच्या मुलीने बरणी अजून टाकलेली नाही. माझ्या समाधानासाठी ती ओट्यावरून उचलून फ्रीजमध्ये ठेवली आहे आणि फ्रीजच्या दाराला आपला लेख चुंबकाने लावलेला आहे. अकरा दिवस बाहेर राहिलेली बरणी आता गार करून उपयोग नाही, हे मी दोनदा सांगून झालं. शनिवारी तिच्याकडे पास्ता पार्टी आहे, ऑफिसचे आठ जण येणार आहेत. आपली पुरवणी रविवारची. शक्य असेल तर ही दुरुस्ती शुक्रवारच्या अंकातच घ्या, कापून तिच्या फ्रीजवर मी स्वतः लावून येते.

आपली,
एक जुनी वाचक, कर्वेनगर, पुणे